ग्राइंडरचं गार्ड काढू नका

खुरपी-विळ्यांना धार लावायचं काम मी गेली काही वर्षं करते. शेळ्यांच्या शेडसाठी अँगल कापायचे असले तरी वेल्डरची वाट बघत नाही, हातातला ग्राइंडरच घेते. काम चांगलं आहे, रोख पैसा येतो. पण या यंत्राबद्दल काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने पळते. ती फुटली तर? आपण वाकलेल्या, तोंड समोर. मध्ये असतं फक्त ते अर्धगोल पत्र्याचं गार्ड. आणि आपण सगळ्यात आधी काढतो तेच! का, तर म्हणे मोठी चकती बसत नाही. अहो, बसू नये म्हणूनच ते आहे. प्रत्येक चकतीवर फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. सात इंचीवर ती साधारण साडेआठ हजार असते. ११ हजारांवर ती फिरवली तर फुटायला वेळ लागत नाही. चकतीवरचा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी नसावा. लाकडाची दातेरी चकती तर लावूच नका. ती अडकली की यंत्र हातातून उसळतं.

माझीच गोष्ट सांगते. कापायची पातळ चकती लावलेली होती. बदलायचा कंटाळा, म्हणून तिच्याच सपाट बाजूवर विळा टेकवला. चकती फुटली आणि तुकडा गार्डवर आदळला. गार्डला पोचा आला, तो अजून तसाच आहे. पातळ चकती फक्त कडेने कापते, बाजूचा दाब तिला सोसत नाही. धारेसाठी घासायची जाड चकती घ्या आणि हलक्या हाताने चालवा. पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग दोन दिवसांत गिऱ्हाईक विळा घेऊन दारात!

पदर खोचला म्हणजे झालं, असं नाही, तो सुटतो. शेतात साडीवर शर्ट घालतो ना, तोच घाला, बटणं लावून. मंगळसूत्र आत, केसांचा आंबाडा. नायलॉनची साडी नको, ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. सैल सुती हातमोजे चकतीत ओढले जातात, त्यापेक्षा घट्ट बसणारे चामड्याचे बरे. ठिणग्या जातात त्या बाजूला कडबा किंवा पेट्रोलची गाडी नको.

आणि आपल्याकडची वीज! काम करताना ती गेली की आपण यंत्र तसंच ठेवून चहाला उठतो. बटण चालूच राहतं. वीज परत आली की ग्राइंडर जमिनीवर नाचायला लागतो, आणि आसपास पोरं असतात. वीज गेली की आधी बटण बंद करा, मग पिन काढा. चकती बदलतानाही पिन काढलेलीच हवी.

डोळ्यांना चारही बाजूंनी झाकणारा चष्मा हवा, उन्हाचा गॉगल चालत नाही. तरीही कण डोळ्यात रुतलाच, तर डोळा चोळू नका. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कण काढणाऱ्या जाणत्या बाया प्रत्येक गावात असतात, त्यांच्याकडेही जाऊ नका. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवा, वरून पट्टी बांधा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दुखायचं थांबलं तरी जा, कारण लोखंडाचा कण आत राहिला तर तिथेच गंजतो.