ब्रह्मगिरीची फेरी

जपानमधील हागुरो, गास्सान आणि युदोनो या तीन पर्वतांत शुगेन्दो पंथाचे शुभ्रवस्त्रधारी तपस्वी शंख फुंकीत शिरतात; वर चढणे म्हणजे मरण आणि खाली उतरणे म्हणजे पुनर्जन्म, अशी त्यांची श्रद्धा. १८७२ साली मेइजी सरकारने एका हुकुमान्वये हा पंथच मोडीत काढला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो पुन्हा उघडपणे उभा राहिला.

आपल्याकडे या पर्वतांशी नाते सांगू शकेल असा डोंगर त्र्यंबकचा ब्रह्मगिरी होय. सुमारे १,३०० मीटर उंचीच्या या काळ्या कातळातून गोदावरी उगम पावते. त्याच्याच माथ्यावर त्र्यंबकगड असल्यामुळे जेथे गोसावी धुनी पेटवीत तेथेच किल्लेदाराची शिबंदीही नांदत असे, आणि १८१८ साली गड इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा शिबंदी उठली, गोसावी मात्र राहिले.

परंपरा अशी सांगते की, विठ्ठलपंत सहकुटुंब या गिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, त्या धांदलीत थोरला निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला, आणि तेथे गहिनीनाथांनी त्याला नाथपंथाची दीक्षा दिली. वाघाची शहानिशा करण्याचे कारण नाही. महत्त्वाचे ते पुढेच घडले. निवृत्तीने ते गुह्य धाकट्या भावाला, ज्ञानेश्वराला, दिले, आणि त्या भावाने शके १२१२ मध्ये नेवाशाला ते मराठीत सर्वांपुढे मांडून ग्रंथाच्या शेवटी आदिनाथापासूनची गुरुपरंपरा नमूद केली. गुहेतली विद्या अशी चव्हाट्यावर आल्यावर तिला कोणता हुकूम बंद करणार?

सिंहस्थात शैव आखाड्यांचे नागा साधू कुशावर्तात स्नान करतात, आणि त्यांचा थाट पाहण्यासारखा असतो खरा. पण मला अधिक मोलाची वाटते ती श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी. भातखाचरांच्या चिखलातून, कोसळत्या पावसात, अनेकजण अनवाणी पायांनी सुमारे २० किलोमीटर चालतात. त्यांत बहुतेक प्रपंची माणसे. त्यांना ना दीक्षा, ना दप्तरी नोंद. डोंगराकडे पाहण्याची दुसरीही एक रीत आहे: याच सह्याद्रीच्या मुळशीकडील कुशीत, मोसे खोऱ्यात, लवासाचे नगर वसविताना डोंगरउतारांचे मोल दिवाणखान्यातून दिसणाऱ्या देखाव्यावर ठरले. ब्रह्मगिरीच्या यात्रेकरूला देखावा धुक्यामुळे बहुधा दिसतच नाही, आणि त्याची त्याला खंतही नसते.

निवृत्तिनाथांची समाधी पायथ्याशीच आहे. पौष वद्य एकादशीला तेथे यात्रा भरते, आणि आषाढीसाठी त्यांची पालखी तेथूनच पंढरपूरला निघते.