छप्पर गळतं ते कडेला

जर्सी सिटीत, विशेषतः हाइट्स आणि जर्नल स्क्वेअरच्या बाजूला, आपली जी मंडळी जुनं दोन कुटुंबांचं घर घेतात, त्यांना एडिसनच्या नातेवाइकांचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. तिकडे उतरती छपरं आणि शिंगल्स. इथे भिंतीला भिंत लागलेली घरं आणि वर सपाट छप्पर. आपल्या सोलापूरकडच्या माळवदासारखंच म्हणा ना, फक्त मातीऐवजी डांबर!

आज मुख्यतः तीन पर्याय पुढे येतात. मॉडिफाइड बिट्युमेन म्हणजे सुधारित डांबराचे जाड पट्टे. वर माणसांची ये-जा असेल तर उत्तम. मात्र ते ज्योतीनं चिकटवणं मला लाकडी जोडघरांवर धोक्याचं वाटतं. आग लागली तर शेजाऱ्यालाही भोवते. त्यातला आपोआप चिकटणारा प्रकार घ्यावा. ईपीडीएम हे काळं कृत्रिम रबर कडक थंडीतही लवचीक राहतं. टीपीओ बहुधा पांढरं असतं, त्याचे सांधे गरम हवेनं वितळवून जोडतात. पांढऱ्या छपरामुळे उन्हाळ्यात वरचा मजला कमी तापतो. पण आपला हिवाळा लांब, तेव्हा विजेच्या बिलातल्या बचतीचे आकडे जरा जपूनच ऐकावेत.

मी ६० मिल, म्हणजे दीड मिलिमीटर जाडीचं ईपीडीएम निवडीन. पण खरं सांगायचं तर छप्पर मधोमध क्वचितच गळतं. ते गळतं कठड्यापाशी, धुराड्याच्या बुडाशी, स्कायलाइटच्या चौकटीला, निचऱ्याच्या तोंडाशी. तिथल्या फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दर हिवाळ्यात फट रुंदावत जाते.

पाणी साचणं हे दुसरं दुखणं. २० बाय ५० फुटांच्या छपरावर एक इंच पाणी साचलं, तर त्याचं वजन ५,२०० पौंड! १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळात शेजारच्या न्यूअर्कला एका दिवसात ८.४१ इंच पाऊस झाला. एवढ्या छपरावर तो पाच हजार गॅलनांहून अधिक होतो. म्हणून फुटाला पाव इंच उतार हवाच. तुळया सपाट असतील, तर निमुळत्या इन्सुलेशननं तो देता येतो.

तेव्हा कंत्राटदाराला वॉरंटी किती वर्षांची हे विचारण्याआधी ती मालाची की मजुरीचीही, हे विचारा. कठड्यावर पट्टा किती इंच चढवणार, फ्लॅशिंगचा पत्रा नवा की जुनाच, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या. आणि वर आधीच दोन थर असतील तर तिसरा चढवू देऊ नका. सगळं खरवडून काढल्याशिवाय खालच्या कुजलेल्या फळ्या दिसत नाहीत.