पन्नास-पन्नास म्हणजे बॅलन्स नव्हे!

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं पटत नाही. संपादकांनी सांभाळून घेतलंय, तुम्हीही घ्या. दुसरं म्हणजे हा लेख फुटबॉलवर आहे, पण मेस्सी-रोनाल्डोच्या नाही, अमेरिकन फुटबॉलवर. बॉल लांबुळका आणि खेळायचा मुख्यतः हाताने! मग नाव फुटबॉल का, ते मला विचारू नका.

माझा मावसभाऊ २०१८ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया टेकला एम.एस. करायला गेला आणि डिग्रीबरोबर या खेळाचं वेडही घेऊन आला. मागच्या दिवाळीत त्याने लॅपटॉपवर एक जुनी मॅच लावली. ३१ डिसेंबर २०१४, ऑरेंज बाउल, जॉर्जिया टेक विरुद्ध मिसिसिपी स्टेट.

आधी नियम, अगदी थोडक्यात. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे, त्यांनी ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं. जमलं तर आणखी ४ प्रयत्न, नाहीतर बॉल समोरच्यांना. पुढे जायचे मार्ग दोन. बॉल काखेत मारून पळायचं (रन), किंवा पुढे धावणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकायचा (पास). रनमध्ये थोडं थोडं पण बऱ्यापैकी खात्रीचं मिळतं. पास एका दमात ४० यार्ड देऊ शकतो, पण झेल सुटला तर शून्य, आणि तो समोरच्याने झेलला तर बॉलच गेला!

त्या मॅचमध्ये टेकने नुसतं पळून ४५० यार्डांच्या वर मजल मारली. मिसिसिपी स्टेटच्या डॅक प्रेस्कॉटने नुसतं फेकून ४५० च्या वर! टेक ४९-३४ ने जिंकली. मी म्हटलं, "दादा, दोघांचंही चुकतंय. निम्मे रन, निम्मे पास केले की झाला ना बॅलन्स?"

दादा हसला. "अगं, तो बॅलन्स कागदावरचा. मैदानावर बॅलन्स म्हणजे समोरच्याला दोन्हींची भीती वाटली पाहिजे."

हे मला समजलं ते टेकच्या 'ट्रिपल ऑप्शन'मुळे. पॉल जॉन्सन हे २००८ ते २०१८ टेकचे कोच होते आणि ही त्यांची खासियत. बॉल हातात आला की क्वार्टरबॅकपुढे तीन पर्याय. मधून घुसणाऱ्या गड्याला द्या, स्वतः घेऊन पळा, किंवा कडेने धावणाऱ्या साथीदाराकडे टाका. गंमत अशी की समोरच्यांचा एक गडी मुद्दाम न अडवता मोकळा सोडतात आणि क्वार्टरबॅक फक्त त्याच्याकडे बघतो. तो मधल्या गड्यावर धावला तर बॉल द्यायचा नाही, जागीच थांबला तर देऊन टाकायचा. दिला नाही तर पुढच्या गड्याकडे बघून तोच प्रश्न, आपण पळायचं की कडेला टाकायचं? फर्स्ट इयरच्या सी प्रोग्रॅमिंगमधलं इफ-एल्सच की हे! फरक इतकाच की कंपाइल करायला इथे सेकंदभरही मिळत नाही.

मग पास कशाला? तर सतत रन थोपवून वैतागलेले मागचे बचावपटूही हळूहळू पुढे सरकतात. नेमकं तेव्हाच रनचं सोंग करून बॉल लांब फेकायचा. २००९ च्या सीझनमध्ये टेकच्या डेमारियस थॉमसने फक्त ४६ झेल घेतले, पण त्यांचे यार्ड झाले १,१५४. म्हणजे एका झेलामागे २५! पास कमी होते, पण त्यांची धास्ती होती.

आता दुसरं टोक. टेक्सास टेकचे कोच (२०००-२००९) माइक लीच यांचं शिक्षण वकिलीचं, आणि त्यांची टीम जवळजवळ सगळा वेळ बॉल फेकतच असे. त्यांच्या मते बॅलन्स म्हणजे रन-पासची वाटणी नव्हे, तर बॉल सगळ्या प्रकारच्या खेळाडूंच्या हातात जायला हवा, म्हणजे समोरच्याला मैदानाचा प्रत्येक कोपरा राखावा लागतो. २००८ मध्ये याच टीमने बलाढ्य टेक्सासला ३९-३३ ने हरवलं. शेवटचा टचडाऊन पासवर, घड्याळात १ सेकंद उरला असताना!

म्हणजे एक टेक पळणारी, दुसरी फेकणारी, आणि दोन्ही बॅलन्स्ड. कारण दोघींना आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक होतं.

ओळख सोडली की काय होतं, ते दादाने स्टेडियममध्ये बसून पाहिलं. २०१९ मध्ये टेकला नवे कोच आले आणि ऑप्शन बंद झाला. पण खेळाडू तर जुन्याच पद्धतीसाठी निवडलेले! ऑप्शनला हलके, चपळ लाइनमन लागतात. पाससाठी क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारखे उभे राहणारे आडदांड हवेत. ते एका उन्हाळ्यात तयार होत नाहीत. कॉलेजचे खेळाडू आपल्यासारखेच चार-पाच वर्षांचे पाहुणे, त्यामुळे टीम बदलायलाही तेव्हा तितकाच काळ जायचा. त्या वर्षी ३ विजय, ९ पराभव. त्यातला एक पराभव सिटाडेल नावाच्या छोट्या मिलिटरी कॉलेजकडून, जे खालच्या विभागात खेळतं. आणि सिटाडेल काय खेळत होतं? ट्रिपल ऑप्शन!

जॉन्सनची पद्धत निर्दोष होती असं नाही. वेळ थोडा आणि पिछाडी मोठी असली की पळणाऱ्या टीमची पंचाईत होते. बदल करावा, पण हाताशी कोण आहे ते बघून.

मॅच संपल्यावर दादाने सहज विचारलं, "तुझं काय चाललंय?" मी सांगितलं, थोडं गेट, थोडं जीआरई, थोडी कॅम्पसची तयारी आणि रोबोटिक्स क्लब. सगळं बॅलन्स्ड!

"यातलं तुझं रन कुठलं? ज्याच्यावर चौथ्या प्रयत्नातही भरवसा ठेवशील असं?"

मला उत्तर देता आलं नाही. पण दिवाळीनंतर मी गेटचा क्लास सोडला. रोबोटिक्स मात्र सोडलं नाही. ते रन आहे की पास, हे कळेल पुढच्या वर्षी. तोवर तुम्हीही जरा बघा, तुमचं रन कुठलं?