चंदनसारच्या परिसरात पक्षी कोठे पाहावेत?

विरारच्या पूर्वेस असलेले चंदनसार आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. गावाच्या एका अंगास तुंगारेश्वराची डोंगररांग व तिचे जंगल आहे, तर दुसऱ्या अंगास काही मैलांवर अर्नाळ्याचा समुद्र. या दोहोंच्या मध्ये भाताची खाचरे, तलाव, बागायती, खाजणे आणि मिठागरे पसरलेली होती व त्यांपैकी काही अद्याप शिल्लक आहेत. डोंगर, गोडे पाणी, शेती व समुद्रकिनारा असे चारही प्रकारचे प्रदेश एका दिवसाच्या फेरफटक्यात येतील अशी ठिकाणे कोकणातही थोडीच असतील. म्हणूनच येथील पक्षिजीवन विविध आहे.

पक्षी पाहणे हा शहरातील हौशी मंडळींचा छंद होय, शेतकऱ्यास त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न कित्येकदा विचारला जातो. परंतु जो पक्षी सकाळी अभयारण्याच्या झाडावर दिसतो, तोच दुपारी शेताच्या बांधावर किडे वेचीत असतो. शेतकऱ्याचा मित्र कोण व त्याच्या पिकाचा वाटेकरी कोण, हे ओळखावयाचे असेल तर पक्षी नीट पाहावयास शिकले पाहिजे. हे शिक्षण कोठे व कसे घेता येईल, याची माहिती पुढे दिली आहे.

तुंगारेश्वर अभयारण्य

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने दक्षिणेकडे गेल्यास तुंगारेश्वराचा फाटा लागतो. तेथून आत शंकराच्या मंदिराकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. या वनास २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला असून त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व ईशान्येस तानसा अभयारण्य यांच्या मध्ये हे वन असल्याने वन्य प्राण्यांस व पक्ष्यांस एका जंगलातून दुसऱ्यात जाण्यास ते सांधा म्हणून उपयोगी पडते.

माघ-फाल्गुनात पळस, पांगारा व सावर फुलतात, तो काळ येथे पक्षी पाहण्यास विशेष चांगला. फुलांतील मध घेण्यासाठी कोतवाल, बुलबुल, साळुंक्या, सूर्यपक्षी यांची एकच गर्दी होते व त्यांच्या चोचींना लागलेल्या परागांमुळे फळधारणेस साहाय्य होते. उंच आकाशात शीळ घालीत फिरणारा सर्पगरुड, सापशिडीसारखे लांब शेपूट मिरविणारा स्वर्गीय नर्तक, खोडावर ठकठक करणारा सुतार हे या जंगलांचे ओळखीचे रहिवासी होत. पावसाळ्याच्या तोंडाशी नवरंग पक्षी दक्षिणेकडून येतो व त्याची दोन स्वरांची शीळ पहाटे ऐकू येते. ओढ्याकाठी पर्वत कस्तुराची लांब शीळ पावसातच ऐकावी.

अभयारण्यात वन खात्याचे नियम पाळावे लागतात. प्रवेशाच्या वेळा व शुल्क यांची चौकशी करूनच जावे. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक लोंढे येतात, यास्तव पाण्यात उतरू नये.

तलाव व जलाशय

विरार पूर्वेसच पापडखिंडीचा जलाशय आहे. पेल्हार व उसगाव ही धरणे वसई-विरारकरांना पाणी पुरवितात. याखेरीज गावोगावचे जुने तलाव आहेत. अशा ठिकाणी बुडी मारणारी टिबुकली, पंख पसरून उन्हात वाळविणारा पाणकावळा, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, खंड्या व ढोकरी हे पक्षी पाहावयास मिळतात. हिवाळ्यात अडई बदकांचे थवे दिसण्याचाही संभव असतो.

जलाशयाचा काठ सिमेंटने बांधून काढला व कडेची पाणवनस्पती उपटून टाकली की या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक जातींना घरटे करण्यास जागा उरत नाही. तलावाचा गाळ काढताना निदान एका बाजूचा उतार व त्यावरील गवत तसेच राखावे. पाणी व पक्षी या दोहोंची सोय एकत्र कशी होते, याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मधमेश्वर येथे आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ शेतीच्या पाण्यासाठी बंधारा बांधण्यात आला, त्यामागे गाळाची उथळ दलदल तयार झाली आणि तीवर हजारो पाणपक्षी उतरू लागले. १९८६ साली ते अभयारण्य झाले व २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून त्याची नोंद झाली.

खाजणे, मिठागरे व समुद्रकिनारा

पश्चिमेस अर्नाळा, राजोडी व भुईगाव हा किनारा आहे. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी येथे थव्यांनी दिसतात. खाजणांत व मिठागरांत लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, लहानमोठे तुतवार, बगळे व शराटी चरत असतात. येथे पक्षी पाहावयाचे तर भरती-ओहोटीचा हिशेब ठेवावा. पूर्ण ओहोटीस पक्षी दूर चिखलात पांगतात. भरती चढू लागली की ते काठाजवळ गोळा होतात. हा हिशेब कोळी बांधवांस तोंडपाठ असतो. त्यांस विचारून निघालेला माणूस निराश होऊन परतत नाही.

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांची कीर्ती आता सर्वदूर पसरली आहे. २०१५ साली तेथे रोहित अभयारण्य जाहीर झाले व २०२२ साली ते रामसर यादीत आले. हिवाळा व उन्हाळा हा तेथे जाण्याचा काळ. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने हे पक्षी पाहण्याची सोय करण्यात आली आहे.

तिवरांची झाडे खाडीकाठची माती धरून ठेवतात, माशांच्या व कोळंबीच्या पिलांना आसरा देतात व उधाणाच्या पाण्याचा जोर मोडतात. तिवरे गेली म्हणजे बगळ्यांबरोबर खार बांधाचेही रक्षण जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यातील तिवरांची तोड करण्यास व त्या क्षेत्रात भराव घालण्यास मनाई केली आहे, ही गोष्ट प्रत्येक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गावकऱ्यांच्या कानी घालावी.

थोडे लांब जावयाचे असल्यास

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सर्वांच्या परिचयाचे आहे. शहापूर-वाडा भागातील तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा हा अत्यंत दुर्मीळ पक्षी आढळला. शंभराहून अधिक वर्षे हा पक्षी नाहीसा झाला असे मानले जात होते व १९९७ साली नंदुरबारकडील जंगलात तो पुन्हा सापडला होता. पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य १९६८ सालापासून पक्ष्यांसाठी राखलेले आहे. पावसाळ्यात दिसणारा इवलासा तिबोटी खंड्या पाहण्यासाठी अनेकजण तेथे जातात.

शेतातील पाहणी

दूर जाण्यास सवड नसेल त्याने आपले शेतच पाहावे. नांगरामागून चालणारा गाय बगळा उघडे पडलेले किडे वेचतो. बांध पोखरणाऱ्या खेकड्यांवर खंड्या व ढोकरी टपून असतात. भातावर लष्करी अळी पडल्यास खाचरात पाणी बांधून ठेवावे, म्हणजे अळ्या वर येतात व साळुंक्या, कावळे, बगळे त्या टिपतात. भातानंतर वाल अथवा हरभरा घेतला असेल, तर एकरी आठ-दहा पक्षीथांबे उभारावेत. त्यांवर बसून कोतवाल व वेडा राघू किडे पकडतात. दाणे पक्व होऊ लागताच हे थांबे काढून टाकावेत.

रात्री राखण करणारे पक्षीही आहेत. गव्हाणी घुबड व पिंगळा उंदीर मारतात. घुबडास अशुभ मानून हुसकावणे म्हणजे आपल्याच कणगीचे दार उंदरांस उघडून देणे होय. विष खाऊन मेलेले उंदीर शेतात तसेच टाकल्यास ते खाणारे घुबड व घारही मरू शकतात. असे उंदीर गोळा करून खोल पुरावेत.

पोपट, मुनिया व सुगरण हे पक्षी पिकल्या भातावर उतरतात हे खरे. परंतु हे नुकसान दाणा दुधाळ होण्यापासून कापणीपर्यंतच्या काळापुरते असते. तेवढे दिवस चकाकत्या फिती बांधून व डबे वाजवून राखण करावी. सुगरण आपल्या पिलांस किडे भरविते, हेही लक्षात ठेवावे. याच सुगरणीचा अभ्यास थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अली यांनी रायगड जिल्ह्यातील किहीम येथे केला. नर घरटी अर्धी विणून ठेवतो, मादी त्यांतील एक पसंत करते व मगच ते पुरे केले जाते, हे त्यांनी तेथे बारकाईने पाहून नोंदविले. त्यासाठी त्यांना विहिरीकाठची झाडे व भरपूर चिकाटी एवढेच पुरले.

पाहणीचे काही नियम

१. सूर्योदयापासून दोन-तीन तास व सायंकाळचा एक तास हा उत्तम काळ.
२. मातीच्या वा पानांच्या रंगाचे कपडे घालावेत, मोठ्याने बोलू नये.
३. घरट्याजवळ जाऊ नये. अंडी व पिले हाताळू नयेत.
४. तारीख, स्थळ, पक्ष्याचे नाव व तो काय खात होता, हे वहीत लिहून ठेवावे.
५. वन्य पक्षी पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. यात आपल्या ओळखीचा पोपटही आला.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामातून निदान दोन वेळा, एकदा लावणीनंतर व एकदा कापणीपूर्वी, शेतकरी व शाळेतील मुले यांना बरोबर घेऊन अशी फेरी काढावी. वहीतील नोंदी दोन-तीन वर्षांच्या झाल्या म्हणजे कोणता पक्षी कमी झाला, कोणत्या तलावावर येईनासा झाला, हे गावासच कळू लागेल.

अभयारण्याची सीमा कागदावर असते. पक्ष्यास ती ठाऊक नसते. तुंगारेश्वराचे वन राखले, पण पायथ्याचे तलाव बुजविले, बांधावरील जुनी झाडे तोडली व खाजणांत भराव घातला, तर त्या वनातील पक्षीही कमी होतील आणि शेतकऱ्याचा फवारणीवरील खर्च वाढेल. चंदनसारच्या आसपास शेती आता थोडी उरली आहे. म्हणूनच उरलेला प्रत्येक तलाव, प्रत्येक जुना वड व चिंच यांचे मोल अधिक आहे. आपल्या बांधावरील एक ढोलीचे झाड यंदा न तोडता राखणे, एवढ्या कार्यापासून प्रत्येक शेतकऱ्यास आरंभ करता येईल.