एका झेपेला एक श्वास

ओहोटी लागली की किहीमची पुळण दुरंगी दिसायला लागते. सुरूच्या बनाकडची वाळू कोरडी, फिकी, भुसभुशीत. पाण्याकडची करडी, ओली आणि फरशीसारखी टणक. सहलीच्या माणसांना पाठीवर घेऊन फिरणारे घोडे कुणी न सांगता या ओल्या पट्ट्याकडे सरकतात. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी त्यांच्या खुरांचे ठसे बघत चाललो होतो. ओल्या वाळूत खूर बोटभर रुतलेला, कोरडीत चांगला चार बोटं.

रेसकोर्सवर शर्यतीआधी हेच मोजतात. एक दांडी, तिच्यावर ठरावीक उंचीवरून पडणारं वजन, आणि दांडी जमिनीत किती सेंटिमीटर शिरली याचा आकडा. या साधनाचं नाव पेनेट्रोमीटर. पुण्याच्या शर्यतींच्या हंगामात हा आकडा फार बोलका असतो, कारण तो हंगाम पावसाळ्यातला. मुंबईतलं महालक्ष्मीचं मैदान तेव्हा विश्रांती घेतं आणि सगळा कारभार घाट चढून वर जातो. आपल्याकडची लांब पल्ल्याची मोठी शर्यत, २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर, पुण्याच्याच मैदानावर होते. भिजलेल्या गवतावर प्रत्येक पाऊल उचलायला थोडी जास्त ताकद लागते. एका पावलाला हा हिशेब क्षुल्लक, पण २८०० मीटरला तो चांगलाच वाढतो.

घोड्याच्या दमाची परीक्षा तीन टप्प्यांत होते. आधी १६०० मीटरची गिनीज. मग फेब्रुवारीत महालक्ष्मीला २४०० मीटरची डर्बी. ही पहिल्यांदा झाली १९४३ साली आणि जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या बडोद्याच्या महाराजांच्या घोडीनं. शेवटी सेंट लेजर. डर्बी आणि लेजर यांत फरक फक्त ४०० मीटरचा. घोडा ते अंतर पंचवीसेक सेकंदांत कापतो. पण डर्बीचा विजेता लेजरला टिकेल का, हा प्रश्न त्या पंचवीस सेकंदांतच अडकलेला असतो.

मराठीत याला नेमका शब्द आहे: दम. दम म्हणजे श्वास, आणि दम धरणं म्हणजे थांबणं, सबुरी. घोड्याच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे काढताच येत नाहीत.

माणूस धावताना तोंडानं श्वास घेतो, घोड्याला ते जमत नाही. त्याच्या घशाची रचनाच अशी की हवा नाकानंच घ्यायची. म्हणून तर भरधाव घोड्याच्या नाकपुड्या तशा फुललेल्या दिसतात. आणि चौखूर उधळला की त्याचा श्वास पायांशी बांधला जातो. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले आणि शरीर हवेत, तिथून पुढच्या तशाच क्षणापर्यंत एक झेप, आणि एका झेपेला एक श्वास. पुढचे पाय टेकले, मान खाली गेली, की पोटातला सगळा ऐवज पुढे सरकतो आणि हवा बाहेर. मान वर, ऐवज मागे, हवा आत. लोहाराचा भाता पळत सुटला तर असाच दिसेल! झेप साधारण सात मीटरची धरली तर २८०० मीटरला चारशे झेपा, म्हणजे चारशे श्वास, आणि तेही तीन मिनिटांच्या आत. धाप लागली म्हणून मध्येच एखादा जादा श्वास घ्यायची सोय नाही. श्वास हवा तर झेप टाकलीच पाहिजे.

आत आणखी एक करामत चाललेली असते. प्लीहा, जुन्या माणसांच्या बोलण्यातली पाणथरी, घोड्याच्या शरीरात तांबड्या पेशींची कोठी म्हणून काम करते. उभ्या घोड्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. घोडा पळायला लागला की पाणथरी आवळते, साठा प्रवाहात सोडते, आणि तो वाटा साठ टक्क्यांच्या पुढे जातो. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं हृदय दोनशेच्या वर धडधडायला लागतं. ऑस्ट्रेलियात गाजलेल्या फार लॅपचं हृदय ६.२ किलो भरलं. ते कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलंय. एरवी घोड्याचं हृदय चारेक किलोचं.

पण याच फार लॅपची गोष्ट दुसरं टोकही दाखवते. ३२०० मीटरचा मेलबर्न कप त्यानं १९३० साली साडेबासष्ट किलो पाठीवर घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी हँडिकॅपवाल्यांनी, म्हणजे वरचढ घोड्याला जास्त वजन ठरवून देणाऱ्यांनी, त्याच्यावर अडुसष्ट किलो लादले, आणि तो आठवा आला. हृदय तेच होतं, बदलले होते फक्त किलो. आपली सेंट लेजर हँडिकॅपची नाही. घोडीला थोडी सवलत, बाकी ओझं सारखं. त्यामुळे अंदाज बांधताना एक गुंता तरी सुटतो.

मग बघायचं काय? आधी वंश. बाप-आजा कुठल्या अंतराला जिंकले हे जाणकार पूर्वीपासून चाळतात. आता त्याला जनुकाची जोड मिळाली आहे. २०१० साली डब्लिनच्या एमेलीन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाचे घोड्यात दोन नमुने असतात. एक भरदार, झटपट पळणारा घोडा घडवतो, दुसरा सडपातळ, लांब पल्ल्याचा. आई-बाप दोघांकडून दुसरा नमुना मिळाला तर लेजरची आशा धरायला हरकत नाही. मला थक्क करते ती पुढची गोष्ट: यातला लांब पल्ल्याचा नमुना जुना, मूळचा आहे. झटपट वेगाचा नमुना शर्यतीच्या घोड्यांत एका ब्रिटिश घोडीकडून आला आणि गेल्या तीनशे वर्षांत पसरला. अठराव्या शतकातल्या इंग्रजी शर्यती चार-चार मैलांच्या असत, आणि एकाच दिवशी दोन-तीनदा पळायच्या. आपण आज ज्याला खास गुण म्हणून शोधतो, ते एकेकाळी घोड्याचं रोजचं काम होतं.

आपल्या किनाऱ्याला तर हे ठाऊकच होतं. किहीमहून दक्षिणेला गेलं की तासाभरात चौल लागतं. अरबी घोडे इथे गलबतांतून उतरत आणि घाट चढून दख्खनच्या सुलतानांच्या पागेत जात. १४६९च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला, आणि निकितीनला तो परत मिळवताना फार यातायात पडली. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. घोड्याचं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. आठवडेच्या आठवडे हलत्या फळ्यांवर उभं राहून, उतरल्यावर सह्याद्री चढणाऱ्या त्या जनावराच्या दमाची परीक्षा कुठल्या लेजरपेक्षा कमी होती?

वंशानंतर स्वभाव, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वजन याला द्यावं. सुरुवातीच्या हजार मीटरमध्ये मान ताणून लगामाशी झगडणारा घोडा कितीही चांगल्या रक्ताचा असो, मी त्याच्यावरची नजर काढून घेतो. त्यानं खर्च केलेलं परत येणार नसतं. लांब पल्ल्याचा खरा घोडा सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो. कान सैल, मान लांब, दुसऱ्यांच्या आडोशाला चाललेला. समोरचा वारा दुसऱ्याच्या छातीवर.

त्याचे जुने निकाल वाचतानाही सावध राहावं. २४०० मीटरच्या शेवटी मागून मुसंडी मारून आलेला घोडा आपल्याला वेग वाढवताना दिसतो. घड्याळ लावून पाहिलं तर बहुतेक वेळा तोही मंदावतच असतो. बाकीचे जास्त मंदावलेले असतात इतकंच. म्हणून किती घोडे ओलांडले यापेक्षा शेवटचे ४०० मीटर किती सेकंदांत पळाला ते बघावं, आणि त्या दिवशी पेनेट्रोमीटरचा आकडा काय होता तेही. सुरुवात संथ झालेली शर्यत असेल तर तो निकाल दमाबद्दल फारसं काही सांगत नाही. तिथे शेवटी नुसता वेग जिंकतो. इतकं सगळं जुळवूनही माझा घोडा सहसा चौथा येतो, हे कबूल करून टाकतो.

त्या सकाळी किहीमला एक पोरगा तांबडा घोडा पुळणीच्या टोकापर्यंत पळवत नेऊन परत आला. हौसेखातर, पाठीवर गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं तंग सैल केला आणि घोड्याला हळूहळू फिरवायला लागला. ट्रेनर लोक शर्यतीनंतर जे बघतात ते मी बघितलं: बरगड्यांखालची कूस किती वेळा हलते. पहिल्या मिनिटाला मोजणं चुकलं, इतकी भराभर. दुसऱ्याला अठ्ठ्याहत्तर. चौथ्या मिनिटाला घोड्यानं एकदा फुरफुर केलं, मान खाली घातली आणि ओल्या वाळूवरचं शेवाळ हुंगायला लागला.

"काय मोजताय?" पोरानं विचारलं.

"दम."

"मग माझा पण मोजा," तो म्हणाला. त्याचीच छाती अजून वरखाली होत होती.