वर्गात शिकवायला कोण उभे आहे?



आदिवासी मुलगी बारावी पास झाली की आपण आनंद करतो, पदवीधर झाली की पेढे वाटतो. पण तिला विद्यापीठात शिकवणारे कोण, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. त्याच्या क्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावात सुमारे १४, धुळ्यात ३२ आणि नंदुरबारात ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. तिन्ही मिळून जवळपास ३० टक्के. प्राध्यापक भरतीत मात्र त्यांचा वाटा राज्यभर सारखाच, ७ टक्के. आदिवासी जिल्ह्यांत जिल्हा पातळीच्या काही पदांना वेगळी टक्केवारी आहे. प्राध्यापकपद त्यात येत नाही.

टक्केवारी जागेत कशी उतरते, हे बिंदुनामावली ठरवते. कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची, याचा तो क्रम. केंद्रीय विद्यापीठांचे उदाहरण पाहा. तिथे अनुसूचित जमातींना साडेसात टक्के, म्हणजे हिशेबाने चौदावी जागा त्यांची. सगळे विद्यापीठ एकत्र मोजले तर चौदावी जागा लवकर येते. पण अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये प्रत्येक विभाग वेगळा मोजायला सांगितले. पाच-सहा शिक्षकांच्या विभागात चौदावा क्रमांक यायला पिढी जाते! देशभर विरोध झाला, आणि २०१९ मध्ये संसदेने कायदा करून पुन्हा संपूर्ण संस्था हेच एकक ठरवले. अर्थात कायम जागा निघालीच नाही आणि तासिका तत्त्वावर काम भागवले, तर नामावली कागदावरच राहते.

माणसांबरोबर विषयाचाही प्रश्न आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणातील भिल्ली व खानदेशी भाषांचा खंड १९०७ मध्ये निघाला. तो सिद्ध केला नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी. काम मोलाचे, पण भिल्ल त्यात माहिती देणारे, लिहिणारे नव्हेत. पुढे शहादा भागातील वाहरू सोनवणे यांनी स्वतः भिलीत कविता लिहिली. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमीही आहे. घरी पावरी किंवा मावची बोलत वाढलेला प्राध्यापक तिथे शिकवू लागला, तर कोणते प्रश्न अभ्यासाचे, हेच बदलेल.

तिथवर पोहोचण्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर नेट किंवा सेट परीक्षा द्यावी लागते. अभ्यासाच्या त्या एक-दोन वर्षांत घरी पैसा पाठवता येत नाही, आणि ऊसतोडीचा हंगाम काही थांबत नाही. पहिलीच्या मुलाच्या गणवेशाला देणगी चटकन मिळते. चोवीस वर्षांच्या मुलीच्या धुळ्यातील खोलीभाड्याला कोणी देत नाही. पुढच्या वर्षाची मदत ठरवताना मंडळीने या खर्चाचाही विचार करावा.