स्पीकर फाटला, पण संपला नाही

गाडीतला स्पीकर खरखरला म्हणून लगेच भंगारात टाकू नका. आधी दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारख्या दाबाने हलकेच आत ढकला. घासल्यासारखं वाटलं, तर कॉइल जळलेली किंवा मध्यावरून सरकलेली असू शकते. ४ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर लावल्यावर ३ ते ४ ओहम दिसायला हवेत. सर्किट उघडं दाखवलं, तर तार तुटलेली. जुन्या स्पीकरात मात्र अनेकदा कडेची फोमची रिंगच ऊन आणि दमट हवेने भुगा झालेली असते. जुना गोंद खरवडून नवी रिंग चिकटवता येते. चिकटवताना कॉइल नेमकी मध्यभागी राखायची, खरी कारागिरी तीच. कागदी कोनाची बारीक चीर टिश्यू पेपर आणि पातळ फेविकॉलने बुजते. थर जाड नको. कोन जड झाला की आवाज बदलतो.